कॅथलिक आणि बाकीच्या ख्रिस्ती लोकांत फरक काय, तो नीट कसा समजून घ्यायचा

"तुम्ही ख्रिश्चन की कॅथलिक?" हा प्रश्न आपल्याकडे सर्रास विचारला जातो, ऑफिसात, सोसायटीत, अगदी लग्नाच्या बोलणीत सुद्धा. तर पहिली गोष्ट इथेच क्लिअर करून घ्या, कॅथलिक हे ख्रिश्चनच आहेत, जगातला सगळ्यात मोठा ख्रिस्ती गट तोच आहे, आणि विचारायचंच असेल तर "तुम्ही कॅथलिक की प्रोटेस्टंट" किंवा सरळ "तुम्ही कुठल्या चर्चला जाता" असं विचारा, समोरचा आनंदाने सांगेल.

माझं माहेर वसईचं, कॅथलिक, आणि सासर नगरचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचं म्हणजे सीएनआय, त्यामुळे हा विषय माझ्या घरातच राहतो आणि मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण दोन्हीकडची माणसं एकमेकांबद्दल जे बोलतात त्यातलं निम्मं ऐकीव असतं. नेटवर सर्च केलंत तर मोठमोठ्या लिस्ट मिळतात, वीस फरक, तीस फरक, पण त्या पाठ करून काही कळत नाही, कारण सगळे फरक सारख्या वजनाचे नसतात. माझ्या मते दोनच प्रश्न धरून ठेवायचे. एक, येशूच्या शेवटच्या भोजनाची म्हणून उपासनेत वेदीवर ठेवतात त्या भाकरीचं नक्की काय होतं. दोन, वाद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा. बाकीचं बरंचसं या दोनातून आपोआप उलगडत जातं.

आधी समान काय ते बाजूला काढा

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग फरक आहेत त्यापेक्षा मोठे दिसायला लागतात. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट हे तिघंही मानतात की देव एकच आहे आणि तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा आहे, येशू खरा देव आणि खरा माणूस आहे, तो क्रूसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि परत येणार आहे. हे सगळं ३२५ साली निकेया इथे आणि मग ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला झालेल्या बिशपांच्या सभांमध्ये विश्वासांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो याचं ठरलेलं निवेदन, म्हणून मांडलं गेलं, आणि तो विश्वासांगीकार आजही वसईच्या चर्चमध्ये म्हणतात, कोट्टायमच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये म्हणतात, नि नगरच्या उपासनेतही तुम्हाला ऐकायला मिळेल. यहोवाचे साक्षीदार त्रैक्य, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मानत नाहीत, म्हणून या तिन्ही गटांपैकी कुणीच त्यांना आपल्यात धरत नाही. दारावर पत्रकं घेऊन कुणी आलं की ते कॅथलिक किंवा सीएनआय असतील असं समजू नका.

मग फाटे कुठे फुटले ते तीन सालांत लक्षात ठेवा. ४५१ ची काल्सेदोनची सभा, तिथे येशूच्या देवपणाचं आणि माणूसपणाचं नातं कुठल्या शब्दात सांगायचं यावरून पूर्वेकडची काही चर्चेस वेगळी झाली, केरळचे मलंकारा ऑर्थोडॉक्स याच घराण्यातले. १०५४, रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांची फारकत, त्यातून ग्रीक, रशियन वगैरे ऑर्थोडॉक्स. आणि १५१७, जर्मनीत मार्टिन लूथरने रोमच्या चर्चला आव्हान दिलं, तिथून प्रोटेस्टंट, पण प्रोटेस्टंट हा एक गट कधीच नव्हता, लूथरन, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, पेंटेकोस्टल सगळे त्यात येतात आणि त्यांचं आपसात पण पटतंच असं नाही. म्हणून "प्रोटेस्टंट असं मानतात" हे वाक्य ऐकलं की लगेच विचारा, कुठले प्रोटेस्टंट?

चर्चमध्ये शिरल्यावर काय बघायचं

नावावरून ओळखायला जाऊ नका, फसाल. कुलाब्याचं होली नेम कॅथीड्रल कॅथलिक आहे आणि पुण्यात गुरुवार पेठेतलं पंचहौदाचं होली नेम कॅथीड्रल सीएनआयचं आहे, हे तेच पंचहौद मिशन जिथल्या चहावरून टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढलं गेलं. मुंबईत फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ मध्ये उघडलं तेव्हापासून अँग्लिकन आणि आता सीएनआय. म्हणजे संताचं नाव, कॅथीड्रल, बिशप यातलं काहीच कॅथलिक असल्याचा पुरावा नाही, बिशप सीएनआयमध्येही आहेत.

त्यापेक्षा दारापाशी थांबा. तिथे पाण्याचं छोटं भांडं आहे आणि लोक त्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतायत? भिंतीवर येशूच्या दुःखसहनाची १४ चित्रं आहेत? क्रूसावर येशूचा देह आहे? पुढे कुलूपबंद छोटी पेटी आणि तिच्याजवळ लाल दिवा तेवतोय? हे सगळं असेल तर बहुतेक तुम्ही कॅथलिक चर्चमध्ये आहात. रिकामा क्रूस, मधोमध किंवा ठळक जागी उपदेशाचं व्यासपीठ, मूर्ती नाहीत, हे प्रोटेस्टंट वळण. प्रोटेस्टंट लोक म्हणतात तो उठला आहे म्हणून क्रूस रिकामा, आणि कॅथलिक म्हणतात त्याने काय सोसलं ते डोळ्यासमोर राहावं, आणि खरं तर दोघंही दोन्ही गोष्टी मानतात.

अजून एक, कान देऊन ऐका. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रार्थना सगळ्यांची एकच, पण प्रोटेस्टंट उपासनेत "वाइटापासून सोडव" च्या पुढे न थांबता राज्य, सामर्थ्य आणि गौरव तुझंच आहे ही ओळ लागून येते. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, तिथे लोक थांबतात, फादर एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि मग ती ओळ सगळे म्हणतात. लग्नात मिक्स गर्दी असली की अर्धी माणसं थांबतात नि अर्धी पुढे जातात, मी हे आमच्या घरच्या प्रत्येक कार्यात ऐकते.

उरलेल्या भाकरीकडे बघा

आता मुख्य मुद्दा. मला कुणी म्हणालं की एकाच गोष्टीवरून फरक दाखव तर मी हीच दाखवेन.

मिस्सेत एक क्षण येतो, लोक गुडघ्यावर असतात, फादर ती पांढरी गोल पातळ भाकर हातात घेऊन शेवटच्या भोजनातले येशूचे शब्द म्हणतात, हे माझे शरीर आहे, आणि ती वर उचलून धरतात, बऱ्याच ठिकाणी घंटी वाजते. कॅथलिक विश्वास असा की त्या शब्दांनंतर ती भाकर भाकर राहत नाही. दिसायला तशीच, चव तशीच, लॅबमध्ये नेली तर रिपोर्ट गव्हाचाच येईल, पण ती मुळात जे होती ते बदललेलं असतं, आता तो स्वतः ख्रिस्त आहे. १२१५ च्या लॅटरन सभेत हे शब्दात आलं आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या सभेने ते पक्कं केलं. आणि मिस्सा म्हणजे येशूला पुन्हा क्रूसावर मारणं नव्हे बरं का, हा आरोप खूप ऐकू येतो, चर्चचं म्हणणं असं की क्रूसावरचं ते एकच बलिदान तिथे हजर होतं.

हा विश्वास बघायचा असेल तर उपदेश ऐकू नका, कम्युनियन, म्हणजे ती भाकर, वाटून झाल्यावर काय होतं ते बघा. उरलेलं सगळं त्या छोट्या पेटीत जातं, टॅबरनॅकल म्हणतात तिला, कुलूप लागतं, जवळचा दिवा चालू राहतो, समोरून जाताना माणसं गुडघा टेकतात. फादर ताटलीवरचा बारीक कण सुद्धा प्याल्यात झटकून घेतात, प्याल्यात पाणी घालून ते पाणी स्वतः पितात आणि मग प्याला पुसतात. वाटताना एखादी भाकर खाली पडली तर लगेच वाकून उचलली जाते. भाकर फक्त आठवण म्हणून असती तर एवढं कुणी केलं नसतं, आणि तिथे कोण आहे याबद्दल त्या लोकांचा काय विश्वास आहे ते या दोन मिनिटांत जेवढं कळतं तेवढं पुस्तकातून कळत नाही. नंतर कधी आजाऱ्याच्या घरी त्याच पेटीतलं कम्युनियन घेऊन जातात, ते दिवस उलटले तरी ख्रिस्तच, असा विश्वास आहे म्हणून.

सासरी प्रभुभोजन, म्हणजे त्यांच्याकडचं कम्युनियन, पुष्कळदा महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं, पावाचे तुकडे आणि छोट्या पेल्यांत द्राक्षरस. प्रोटेस्टंटांत यावर एकमत नाही. लूथर म्हणायचा ख्रिस्ताचं शरीर तिथे खरंच आहे, भाकरीसोबत, भाकर भाकर राहून. स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंगली म्हणायचा ही आठवण आहे. १५२९ मध्ये मारबुर्गला दोघं समोरासमोर बसले तेव्हा लूथरने टेबलावर खडूने "हे माझे शरीर आहे" हे शब्द लिहून ठेवले होते, बाकी बहुतेक मुद्द्यांवर जमलं, यावर नाही जमलं. त्यानंतरचा सुधारक कॅल्विन मधला, ख्रिस्त खरंच मिळतो पण आत्म्याच्या द्वारे, विश्वासाने. बॅप्टिस्ट आणि बरेचसे पेंटेकोस्टल झ्विंगलीच्या बाजूचे, त्यामुळे त्यांच्याकडे उपासना संपल्यावर उरलेला पाव पावच असतो. अँग्लिकन वळणाच्या मंडळ्यांमध्ये उरलेलं आदराने तिथेच संपवतात.

पण आठवण म्हणून घेतात म्हणजे हलक्यात घेतात असं अजिबात समजू नका. माझ्या सासूबाई प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री कुणाशी काही बिनसलं असेल तर फोन करून ते मिटवतात नि मगच झोपतात, पौलाने करिंथकरांना लिहिलंय ना की आधी स्वतःची परीक्षा करा, ते त्या अक्षरशः पाळतात. कॅथलिक लोकांनी हे बघितलं पाहिजे असं मला फार वाटतं.

ऑर्थोडॉक्स मात्र इथे कॅथलिकांच्या अगदी जवळ आहेत, खरं शरीर नि खरं रक्त मानतात, फक्त ते कसं होतं याची व्याख्या करत बसत नाहीत. आणि त्यांची भाकर खमीर घातलेली असते, आमच्या लॅटिन पद्धतीची बिनखमिराची.

शेवटचा शब्द कुणाचा

दुसरा प्रश्न. समजा बायबलमधल्या एका ओळीचे दोन अर्थ निघाले. कोण ठरवणार?

प्रोटेस्टंट उत्तर, शास्त्रच सगळ्यात वरचं, चर्च चुकू शकतं, सभा चुकू शकतात, पोप तर नक्कीच चुकू शकतो, शास्त्र नाही. कॅथलिक उत्तर, शास्त्र देवाचं वचन आहेच, पण ते प्रेषितांपासून आलेल्या परंपरेसोबत वाचायचं आणि अर्थाचा अधिकार बिशपांकडे, आणि बिशपांचा प्रमुख पोप, कारण येशूने पेत्राला खडक म्हटलं आणि पोप पेत्राच्या जागी आहे (मत्तय १६). ऑर्थोडॉक्स परंपरा तेवढीच मानतात, रोमच्या बिशपला मान द्यायलाही तयार असतात, पण त्याने सगळ्या चर्चवर अधिकार चालवायचा हे त्यांना मान्य नाही, त्यांच्याकडे निर्णय सगळ्या बिशपांच्या सभेचा.

पोप कधीच चुकत नाही असं कॅथलिक मानतात, हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. चूक आहे ते. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन सभेने जे ठरवलं ते फार मर्यादित आहे, पोप जेव्हा सगळ्या चर्चसाठी, आपल्या पदाच्या पूर्ण अधिकाराने, श्रद्धा किंवा नीतीबद्दल एखादी गोष्ट कायमची ठरवून देतो तेव्हाच ती चूक असू शकत नाही. त्यानंतर असं एकदाच झालं, १९५० मध्ये, मरियेला देहासकट स्वर्गात घेतलं गेलं हे पोप बाराव्या पायसने जाहीर केलं तेव्हा. पोपने प्लेनमध्ये पत्रकारांना दिलेलं उत्तर यात येत नाही. आणि पोप पाप करतो, त्यालाही कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करायला, जावं लागतं.

बायबलची जाडी वेगळी का ते पण इथेच येतं. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६, नव्या करारात दोघांची २७ च, फरक सगळा जुन्या करारात. तोबीत, यहूदीथ, शलमोनाचं ज्ञान, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन, अशी सात, शिवाय एस्तेर आणि दानिएलमधले काही भाग. घरातलं बायबल कुठलं ते बघायचं असेल तर अनुक्रमणिका उघडा, नहेम्याच्या नंतर थेट एस्तेर आणि तोबीत कुठेच नाही, तर ते ६६ चं. आपल्याकडे मराठी घरांत दिसणारं पवित्र शास्त्र बहुतेक करून हेच. ही पुस्तकं जुन्या ग्रीक भाषांतरात होती, यहुद्यांच्या हिब्रू संग्रहात नव्हती, लूथरने हिब्रू यादी धरली आणि ट्रेंटने १५४६ मध्ये मोठी यादी कायम केली. ऑर्थोडॉक्सांकडे याहून थोडी जास्तच असतात.

एक छोटी गोष्ट, दहा आज्ञांचे नंबर सुद्धा वेगळे आहेत. मूर्ती करू नको ही ओळ कॅथलिक आणि लूथरन पहिल्या आज्ञेतच धरतात आणि शेवटची लोभाची आज्ञा दोनात विभागतात, बाकीचे बहुतेक प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मूर्तीची आज्ञा दुसरी म्हणून वेगळी मोजतात. त्यामुळे "सहावी आज्ञा मोडली" म्हटलं तर वसईत व्यभिचार आणि नगरात खून असा अर्थ होतो. नंबर न सांगता आज्ञा सांगा.

मरिया, संत, मूर्ती

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून सावकाश वाचा.

बांद्र्याची माउंट मेरी, सप्टेंबरची गर्दी, मेणबत्त्या, माळा, हे बघून वाटतं की कॅथलिक मरियेची पूजा करतात. कॅथलिक शिकवण असं सांगते की आराधना फक्त देवाची, मरियेचा आणि संतांचा सन्मान, आणि या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत. जपमाळेतली नमो मरिया नीट ऐका, पहिला अर्धा भाग लूकच्या शुभवर्तमानातला आहे, देवदूताचं आणि अलीशिबेचं अभिवादन, आणि दुसऱ्या अर्ध्यात मागणी एकच, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर. म्हणजे ती देते असं नाही, ती मागते. जसं आपण आजारी पडलो की मैत्रिणीला सांगतो माझ्यासाठी प्रार्थना कर, तसंच, फक्त ही मैत्रीण स्वर्गात आहे.

प्रोटेस्टंटांचा आक्षेप पण नीट ऐकायला हवा, तो द्वेषातून येत नाही. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात लिहिलंय की देव आणि माणसं यांच्यात मध्यस्थ एकच, येशू. मग मधे अजून कुणी कशाला? आणि मेलेल्यांशी बोलायला शास्त्रात परवानगी कुठे आहे? कॅथलिक म्हणतात ते मेलेले नाहीत, ख्रिस्तात जिवंत आहेत. इथे दोघांचा खरा मतभेद आहे आणि तो गोड बोलून पुसायचा नाही, पण "तुम्ही देवी पूजता" असं म्हणणं म्हणजे समोरच्याचा विश्वास त्याला न विचारता ठरवणं.

मरियेबद्दल चार गोष्टी कॅथलिक मानतात. ती देवाची माता, हे ४३१ च्या एफेससच्या सभेतलं, ऑर्थोडॉक्सही ते मानतात आणि लूथरनेही मानलं. ती कायम कुमारी राहिली, मग मार्काच्या शुभवर्तमानात येशूचे भाऊ म्हटलंय ते कोण, तर कॅथलिक म्हणतात चुलत-मावस, ऑर्थोडॉक्स म्हणतात योसेफाच्या आधीच्या लग्नातले, बहुतेक प्रोटेस्टंट म्हणतात सख्खेच. तिसरी, तिच्या गर्भधारणेच्या क्षणापासूनच तिला मूळ पाप, म्हणजे आदामापासून सगळ्या माणसांना लागलेलं पाप, लागलं नाही, हे १८५४ मध्ये जाहीर झालं, याचा येशूच्या कुमारीपोटी जन्माशी घोळ करू नका, ही मरिया स्वतः आपल्या आईच्या पोटात आली तेव्हाची गोष्ट आहे. चौथी, १९५० ची, वर सांगितली ती. तिसरी ऑर्थोडॉक्सांना मान्य नाही, चौथी ते सणात साजरी करतात पण पोपने जाहीर करणं त्यांना पटत नाही.

मूर्तींचं थोडक्यात, सन्मान मूर्तीला नाही, ज्याची ती आहे त्याला, असं ७८७ च्या निकेयाच्या सभेने ठरवलं. ऑर्थोडॉक्स पुतळे टाळतात आणि रंगवलेल्या प्रतिमा ठेवतात. संत म्हणून जाहीर करणं हा अधिकार कॅथलिकांत पोपचा, आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया नागासाकीत १५९७ मध्ये क्रूसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाला, आम्हाला त्याचा फार अभिमान आहे.

तारण, आणि मेल्यानंतर

लूथरचा मूळ मुद्दा हा होता, माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो फक्त विश्वासाने. कॅथलिक म्हणतात कृपा पहिली, विश्वास हवाच, पण तो प्रीतीतून आणि कृतीतून जिवंत राहतो, याकोबाच्या पत्राकडे बोट दाखवतात. "कॅथलिक पुण्य करून स्वर्ग विकत घेतात" हे कॅथलिक शिकवणीत नाही, तारण कृपेनेच हे दोघांचंही म्हणणं. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लूथरन वर्ल्ड फेडरेशनने या विषयावर एक संयुक्त घोषणापत्र सही केलं, मूळ गाभ्यावर एकमत आहे असं त्यात म्हटलंय, २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. ज्या प्रश्नावरून पश्चिमेचं चर्च फुटलं त्यावर एवढं होणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि आपल्या चर्चेसमध्ये कुणी ती सांगतच नाही याचं मला वाईट वाटतं.

शुद्धिस्थान, म्हणजे परगेटरी, ही स्वर्ग-नरक यांच्यातली तिसरी कायमची जागा नाही. कॅथलिक शिकवणीप्रमाणे तिथे असलेला प्रत्येक जण स्वर्गातच जाणार असतो, त्याची फक्त शुद्धी राहिलेली असते. म्हणून २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं नि मेणबत्त्या, म्हणून मृतांसाठी मिस्सा. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात मेलेल्यांसाठी प्रार्थना आहे आणि ते पुस्तकच प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही, बघा पुस्तकांच्या यादीचा फरक कुठवर पोचतो. ऑर्थोडॉक्स मृतांसाठी प्रार्थना करतात पण परगेटरीची शिकवण घेत नाहीत.

संस्कार भराभर

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्सांचे सात, बाप्तिस्मा, दृढीकरण, कम्युनियन, कन्फेशन, आजाऱ्यांचा अभ्यंग, गुरुदीक्षा (धर्मगुरू होण्याची), विवाह. प्रोटेस्टंट साधारण दोनच मोजतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. बाळाला बाप्तिस्मा कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन, अँग्लिकन देतात, बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मोठं होऊन स्वतः विश्वास धरल्यावर आणि पाण्यात पूर्ण बुडवून. सीएनआयमध्ये दोन्ही चालतं, कारण १९७० मध्ये नागपूरला सहा चर्चेस मिळून ते झालं आणि त्यात बॅप्टिस्टही होते. पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च खरा धरतं, कुणी सीएनआयमधून कॅथलिक झालं तर परत बाप्तिस्मा नाही.

कन्फेशन, फादर क्षमा करतात असं नाही, देव त्यांच्या तोंडून करतो असा विश्वास. प्रोटेस्टंट उपासनेत सगळे मिळून पाप कबूल करतात, थेट देवापुढे. कॅथलिक फादर लग्न करत नाहीत, पण हा शिस्तीचा नियम आहे, श्रद्धेचा सिद्धांत नाही, पोपच्या आधीन असलेल्या काही पूर्वेकडच्या चर्चेसमध्ये लग्न झालेले धर्मगुरू असतात. बायकांना दीक्षा कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स देत नाहीत, सीएनआय देतं.

केरळच्या शेजाऱ्यांबद्दल

इथे लोक हमखास गोंधळतात. नवी मुंबई, कल्याण, पुणे, सगळीकडे मलयाळी चर्चेस आहेत आणि बाहेरून सारखीच वाटतात. सिरो-मलबार आणि सिरो-मलंकारा हे पूर्ण कॅथलिक, पोप मानतात, फक्त उपासनेची पद्धत सिरियन, कल्याणला तर १९८८ मध्येच सिरो-मलबारची स्वतःची डायोसिस, म्हणजे बिशपांचा विभाग, झाली. मलंकारा ऑर्थोडॉक्स आणि याकोबाइट पोपच्या आधीन नाहीत. मार्थोमा चर्चची उपासना दिसायला सिरियन, पण १९ व्या शतकातल्या सुधारणेमुळे शिकवण बरीचशी प्रोटेस्टंट, संतांकडे प्रार्थना नाही. त्यामुळे "केरळी म्हणजे ऑर्थोडॉक्स" असं धरून चालू नका, विचारा.

प्रत्यक्ष गेलात तर

कॅथलिक मिस्सेला कुणीही जाऊ शकतं, पण कम्युनियनच्या रांगेत फक्त कॅथलिकांनी जायचं, बाकीच्यांनी जागेवर बसून राहिलं तर कुणालाही वावगं वाटत नाही. हा नियम परक्यांना हाकलण्यासाठी नाही, ते घेणं म्हणजे या सगळ्या विश्वासाला आणि या चर्चला आमेन म्हणणं असतं. कॅथलिकांनाही मोठं पाप मनावर असेल तर आधी कन्फेशन करावं लागतं आणि तासभर उपाशी राहावं लागतं. ऑर्थोडॉक्सांकडेही बाहेरच्यांना मिळत नाही. सीएनआयमध्ये दुसऱ्या चर्चच्या बाप्तिस्मा झालेल्या माणसाला बऱ्याचदा घेऊ देतात, पण कॅथलिकांना त्यांचं स्वतःचं चर्च तिथे घ्यायला परवानगी देत नाही, म्हणून मी सासरी प्रभुभोजनाच्या वेळी डोळे मिटून बसते आणि ते घरच्यांना माहीत आहे. वाईट वाटतं, दोन्हीकडे वाटतं, आणि ते वाटायलाच हवं.

प्रश्न विचारताना कॅथलिकांबद्दल कॅथलिकाला आणि पेंटेकोस्टलबद्दल पेंटेकोस्टलला विचारा, उलट नको. ऐकून झाल्यावर आपल्या शब्दात परत सांगून बघा आणि तो "हो, हेच" म्हणाला तरच कळलं असं धरा. फादरांना फादर म्हणा, मराठी प्रोटेस्टंटांकडे पाळकसाहेब किंवा पास्टर, मलयाळी मंडळींत अच्चन.

आणि लग्न ठरत असेल तर आधीच हे माहीत असू द्या. कॅथलिक आणि बाप्तिस्मा झालेला दुसरा ख्रिस्ती यांच्या लग्नाला बिशपांची परवानगी लागते, जोडीदाराचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर वेगळी सूट घ्यावी लागते, दोन्ही अर्ज पॅरिशच्या फादरांमार्फत जातात. कॅथलिक बाजूच्या व्यक्तीला आपला विश्वास टिकवायचं आणि मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा म्हणून शक्य ते करायचं वचन द्यावं लागतं, दुसऱ्या बाजूला ते वचन द्यावं लागत नाही, फक्त त्याची कल्पना दिली जाते. जोडीदाराने धर्म किंवा चर्च बदलायलाच पाहिजे असा नियम नाही, कुणी तसं सांगत असेल तर फादरांना थेट जाऊन विचारा. कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही, ते लग्न मुळात वैध होतं का एवढंच तपासतं, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंटांत काही कारणांनी पुन्हा लग्न करता येतं. बाप्तिस्म्याचा दाखला दोघांनी आपापल्या चर्चमधून काढून ठेवा, कॅथलिक बाजूचा सहा महिन्यांच्या आतला ताजा मागतात, आणि लग्नाआधीचा कोर्स असतो, त्याच्या तारखा हॉल बुक करायच्या आधी बघून घ्या.